उतारावरचं घर: रस्त्यापासून किती मागे, जमिनीपासून किती उंच?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परतवाड्याचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी यांनी चिखलदऱ्याच्या पठाराच्या कडेला एका लहान गावाजवळ प्लॉट घेतला आहे. रस्त्याला लागून रुंदी २० मीटर, खोली २५ मीटर, आणि जमीन रस्त्यापासून खाली दरीकडे उतरत जाते. शेवटच्या हद्दीपर्यंत उतार चार मीटरांहून थोडा जास्त. धाकटे भाऊ म्हणतात, रस्त्यापासून नऊ-दहा मीटर मागे घ्या, दोन मजले चढवा, दरीचा नजारा मिळेल आणि गाड्यांची धूळही घरात येणार नाही. इंजिनिअर म्हणतो, घर रस्त्याजवळ ठेवा. दोघांचं ऐकून गुरुजी गोंधळले आहेत. त्यांना विचारायचं आहे की सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि घर यांच्या मधली मोकळी जागा, किती सोडावं आणि उंची किती ठेवावी.

गुरुजी, इंजिनिअर बरोबर सांगतो आहे. भावाचा सल्ला अमरावतीच्या सपाट लेआउटमध्ये चालला असता. तुमच्या प्लॉटवर मागे जाणं आणि उंच होणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एक वाढवली की दुसरी आपोआप वाढते, आणि त्यातून घराला काही मिळत नाही.

सपाट जमिनीवरचा जुना हिशोब असा की रस्ता जितका रुंद आणि घर जितकं मागे, तितकं ते उंच चालतं. राष्ट्रीय इमारत संहितेतही हाच विचार आहे: रस्त्याची रुंदी आणि पुढची मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपटीपेक्षा इमारत उंच नको. त्यामागे उजेड, वारा आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं आभाळ यांचा विचार आहे. पण तुमच्या समोरचा रस्ता ६ मीटरचा धरला आणि ३ मीटर जागा सोडली, तरी या हिशोबाने साडेतेरा मीटर उंची बसते. तुम्ही त्याच्या जवळपासही जाणार नाही. म्हणजे ही मर्यादा तुम्हाला अडवत नाही, आणि तिचा आधार घेऊन कोणी ‘मागे घ्या, उंच बांधा’ म्हणत असेल तर त्या सांगण्यात दम नाही. तुम्हाला अडवणार आहे ती जमीन.

आकडे घालूनच बघू. २५ मीटरमध्ये चार-सव्वाचार मीटर उतार म्हणजे साधारण १:६, सहा मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. घराची रस्त्याकडून दरीकडची खोली ९ मीटर धरू. रस्त्याची पातळी शून्य. जोतं, म्हणजे घराच्या फरशीची पातळी, रस्त्यापेक्षा ४५ सेंटिमीटर वर, आणि ते का, ते पुढे सांगतो. दोन मजले, प्रत्येकी ३ मीटर.

घर रस्त्याच्या हद्दीपासून ३ मीटरवर ठेवलं तर पुढच्या भिंतीखाली जमीन अर्धा मीटर खाली असते आणि मागच्या भिंतीखाली २ मीटर. मागच्या बाजूला जोतंच जमिनीपासून २.४५ मीटर वर येतं आणि दरीकडून बघणाऱ्याला ८.४५ मीटरची भिंत दिसते. हेच घर ९ मीटर मागे नेलं की पुढे जमीन दीड मीटर खाली, मागे ३ मीटर. मागचं जोतं ३.४५ मीटर आणि भिंत ९.४५. एक चौरस फूटही जागा न वाढता घर एक मीटर उंच झालं. तो मीटर सगळा पायाचा, भरावाचा आणि भिंतीचा. पैसा तिथेच मुरतो.

यावर लोक म्हणतात, मग जोतं खाली आणा, जमिनीबरोबर. येतं की. पण मग घर रस्त्यापेक्षा मीटर-सव्वा मीटर खोल बसतं आणि रस्त्याचं सगळं पाणी तुमच्या ओसरीत उतरतं. पठारावर जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कसा पडतो हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय रस्त्यावरून दारापर्यंत गाडी उतरवायची तर १:६ चा रॅम्प होतो. गाडीसाठी १:८ पेक्षा उभा रॅम्प मी काढत नाही. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, धुकं असतं, आणि उतरलेली गाडी परत चढवताना टायर जागेवर फिरतात.

भरावाबद्दल वेगळं बोलतो, कारण बहुतेक घरं इथेच फसतात. मिस्त्री म्हणतो, “भरून टाकू नं मुरूम, काय होते!” होतं असं की भिंतीमागची माती भिंतीला ढकलते, आणि तो रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. भिंत दुप्पट उंच केली तर रेटा चौपट, आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. त्या मुरमात पाणी साचलं तर रेटा आणखी साधारण दुप्पट. म्हणून सव्वा मीटरची संरक्षक भिंत गावचा मिस्त्री काळ्या दगडात नीट उभी करतो, आणि अडीच मीटरची तीच भिंत त्याच पद्धतीने बांधली तर दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पोट काढते. दीड मीटरच्या वर भिंत जात असेल तर डिझाइन करूनच घ्या. भिंत कोणतीही असो, तिच्यामागे एक-दीड फूट रुंदीचा गिट्टीचा थर आणि भिंतीतून पाणी निघायला दीड-दोन मीटरवर तिरपी भोकं हवीतच. प्लास्टर करणारा गडी ती भोकं हमखास बुजवतो. प्लास्टरच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा.

भराव टाळण्यासाठी खांबांवर घर उभं करायची टूमही आता पठारावर आली आहे. फोटोत छान दिसतं. पण उतारावर वरच्या बाजूचे खांब आखूड आणि खालच्या बाजूचे लांब होतात, आणि जमीन हलली की आखूड खांबांवर सगळा ताण येऊन ते आधी फुटतात. विदर्भात कुठे भूकंप, असं म्हणू नका. ३० सप्टेंबर २०२४ ला अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा मेळघाटात लोक घराबाहेर आले होते. खांब करायचेच असतील तर ते आडव्या तुळयांनी नीट बांधलेले आणि हिशोब केलेले हवेत. तुमच्यासारख्या घराला त्याची गरज नाही.

आता तुमच्या घराचं मी काय केलं असतं ते सांगतो.

सगळ्यात आधी घराची खोली कमी केली असती. उतारावर भराव आणि जमिनीची कापणी किती लागेल हे ठरतं ते घर उताराच्या दिशेने किती खोल आहे त्यावरून. १:६ वर ९ मीटर खोल घराच्या पोटात दीड मीटरचा फरक येतो, ७ मीटरच्या घरात १.१७ चा. तुमच्याकडे रुंदी २० मीटर आहे. दोन्ही बाजूंची अंतरं सोडूनही १२ मीटर लांब घर आरामात बसतं. मग घर रस्त्याला समांतर आडवं पसरू द्या, म्हणजे जमिनीच्या एकाच पातळीच्या रेषेबरोबर. मेळघाटातली जुनी कोरकू गावं पाहिली असतील तर आठवा: सरळ रुंद गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत घरं, पुढे ठेंगणी ओसरी, कवेलूचं छप्पर इतकं खाली आलेलं की आत जाताना वाकावं लागतं. रस्त्यापासून मागे सरकून एकटं उभं राहिलेलं घर त्या ओळीत सापडत नाही. गल्ली हीच सगळ्यांची पुढची मोकळी जागा.

दुसरं, रस्त्यापासून अंतर साडेचार मीटर ठेवलं असतं. नियमाने त्याहून जास्त निघालं तर नियमाचं. साडेचार का, तर रस्त्याकडेला दोन फुटांची नाली, तिच्या आत रस्त्याला समांतर एक चारचाकी उभी राहील एवढी अडीच मीटरची पट्टी, आणि मग ओसरीची पायरी. यापेक्षा कमी सोडलं तर गाडी रस्त्यावर राहते आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली वळवता येत नाही. रोज सकाळी त्यावरून दोन शब्द होतात.

तिसरं, घर एका पातळीवर न ठेवता दोन पायऱ्यांत उतरवलं असतं. पुढचा साडेतीन मीटरचा पट्टा रस्त्यापेक्षा ४५ सेंटिमीटर वर: ओसरी, बैठक, आणि तुमच्या दोघांची झोपायची खोली. वय वाढलं की रस्त्यापासून पलंगापर्यंत जिना नको. मागचा साडेतीन मीटरचा पट्टा १.२० मीटर खाली, मधे १५ सेंटिमीटरच्या आठ पायऱ्या. मागच्या पट्ट्यावर दोन मजले: खाली स्वयंपाकघर आणि जेवणघर, वर मुलं-नातवंडं सुट्टीत येतील त्यांच्या खोल्या. आता हिशोब करा. मागच्या भिंतीखाली जमीन रस्त्यापेक्षा १.९२ मीटर खाली आहे आणि तिथलं जोतं ०.७५ खाली. म्हणजे मागे जोत्याची उंची १.१७ मीटर. मघाशी ती भावाच्या बेताप्रमाणे ३.४५ होती. संरक्षक भिंतीवर पडणाऱ्या जोराचं काय होतं ते वरच्या चौपट-आठपटीच्या हिशोबाने तुम्हीच काढा. घराखालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून माथ्यापर्यंतची उंची भावाच्या बेतात ८.७० मीटर येते, या बेतात ६.६० च्या आत. रस्त्यावरून बघणाऱ्याला पुढे एकमजली ठेंगणं घर दिसतं आणि मागचा मजला त्याच्या छपरामागून अर्धाच डोकावतो. बांधकाम १२६ चौरस मीटर, म्हणजे साडेतेराशे चौरस फूट. दोघांना आणि सुट्टीतल्या गोतावळ्याला पुरे.

नजाऱ्याचं म्हणाल तर तुमच्या आणि दरीच्या मधे कोणी येणारच नाही, कारण प्लॉट उतरता आहे. पुढे राहून काहीच गमावत नाही. उलट मागे खाली मोकळी जागा उरते. तिथे बांध घालून भाजीचे दोन-तीन टप्पे होतील. धुळीसाठी नालीच्या आतल्या बाजूला मेंदीचं किंवा बांबूचं कुंपण लावा. गाड्यांची वर्दळ असते ती शनिवार-रविवारची आणि पावसाळी पर्यटनाची.

मागे न जाण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते कागदावर दिसत नाही. १:६ ही सरासरी. पठाराच्या कडेची जमीन एकसारखी कधीच उतरत नाही. वर सौम्य असते, मग एकदम वाकते. २५ मीटरमध्ये पहिले पंधरा मीटर १:८ आणि खालचे दहा मीटर १:४ असं नेहमी सापडतं. महाराष्ट्रात १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर विकासाला, कापणी-भरावालाही, मनाई आहे, मग ती जमीन नकाशात डोंगरउतार म्हणून दाखवलेली असो वा नसो. म्हणजे मागे मागे सरकत गेलात तर घर नेमकं त्या मनाईच्या भागात जाऊन बसायचं.

म्हणून कोणताही नकाशा काढायच्या आधी पातळ्या मोजा. टोटल स्टेशनवाला, म्हणजे यंत्राने पातळ्या मोजणारा, बोलावलात तर उत्तम. नसेल जमत तर मिस्त्रीची लेव्हलची नळी पुरते. पारदर्शक नळी घ्या, निदान १५-२० मीटर लांब, आणि बादलीतून पाणी ओढून भरा. आत एकही बुडबुडा राहू देऊ नका, बुडबुडा राहिला की दोन्हीकडचं पाणी खोटं बोलतं. उन्हात पडलेली नळी आणि सावलीतली नळी यांचंही पाणी थोडं चुकवतं, तेव्हा सकाळी लवकर मोजा. रस्त्याच्या कडेला, जिथे डांबर संपतं तिथे, दगडावर रंगाने खूण करून तिला शून्य म्हणा. मग दरीकडे दर ३ मीटरवर खुंटी ठोकून तिथली पातळी लिहा, अशा तीन रांगा: डावीकडून, मधून, उजवीकडून. ग्राफच्या वहीवर हे आकडे मांडले की जमिनीचा छेद, म्हणजे उभी कापून बाजूने बघितल्यासारखं चित्र, तयार होतो. घराचा पहिला कागद तो. प्लॅन नंतर. आपल्याकडे उलटं चालतं. आधी प्लॅनमधल्या खोल्या ठरतात, देवघर कुठे आणि जिना कुठे यावर महिना जातो, आणि छेद मंजुरीपुरता शेवटी काढला जातो, तोही जमीन सपाट धरून.

या मोजणीचे फोटो काढून ठेवा, जेसीबी लावायच्या आधीचे. उंची आजूबाजूच्या जमिनीच्या सरासरी पातळीवरून मोजतात. आधी चारी बाजूंनी मुरूम भरून जमीनच वर आणायची आणि मग ‘उंची कमी’ दाखवायची, ही युक्ती फार जणांना सुचते. तपासणीला आलेल्या माणसाने शेजारच्या प्लॉटची जमीन बघितली की ती उघडी पडते. छपराबाबत मात्र एक सवलत तुमच्या बाजूची आहे: उतरतं छप्पर असेल तर उंची बाहेरच्या भिंतीला छप्पर जिथे मिळतं तिथपर्यंत धरतात, आढ्यापर्यंत म्हणजे छपराच्या माथ्यापर्यंत नाही. फक्त त्रिकोणी भिंत रस्त्याकडे तोंड करून असेल तर वळचण, म्हणजे छपराची खालची कड, आणि आढं यांच्या मधला बिंदू धरतात. म्हणून आढं रस्त्याला समांतर ठेवा. पठारावरच्या पावसाला सपाट स्लॅब तसाही गळतोच, लोक चार-पाच वर्षांत त्यावर पत्र्याचं छप्पर चढवतात आणि मग त्या वाढलेल्या उंचीवरून भानगड होते. पहिल्यापासूनच उतरतं करा. वळचण भिंतीबाहेर ७५ सेंटिमीटर ठेवा. सामासिक जागेत तेवढं साधारण चालतं, त्याहून लांब काढायचं तर भिंत आत घ्या.

परवानगी कोणाची, हा भाग कंटाळवाणा आहे पण चुकला तर सगळंच चुकतं. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० पासून बहुतेक महाराष्ट्राला लागू आहे. पण गिरिस्थान नगरपरिषदा आणि केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रं त्यातून वगळलेली आहेत. चिखलदऱ्याभोवतालच्या काही गावांसाठी सिडको हे राज्याचं नगर नियोजनाचं महामंडळ विशेष नियोजन प्राधिकरण आहे. पलीकडे मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि त्याच्या भोवतीचा पट्टा. त्यामुळे दोन किलोमीटरच्या अंतरावरच्या दोन प्लॉटना दोन वेगळे नियम लागू शकतात. मित्राच्या प्लॉटवर चाललं ते तुमच्यावर चालेलच असं नाही. गट नंबर आणि सातबारा घेऊन आधी संबंधित कार्यालयात जा, जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा झोन दाखला घ्या, आणि उंचीची मर्यादा व पुढच्या-मागच्या-बाजूच्या अंतरांचे आकडे लेखी मागा. गावठाणातल्या लहान घरांना परवानगीच्या प्रक्रियेत सवलत आहे. ती कागदपत्रांची सवलत आहे. अंतरं आणि उताराची मनाई तिथेही पाळायचीच असते. प्लॉट मूळचा आदिवासी खातेदाराचा होता का, हेही जुन्या फेरफारांवरून बघा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सक्षम परवानगीशिवाय जात नाही. ते निस्तरल्याशिवाय घराच्या उंचीची चर्चा व्यर्थ आहे.

सामासिक अंतर कुठून मोजायचं यावरही वाद होतात. डांबराच्या कडेपासून मोजत नाहीत, रस्त्याच्या हद्दीपासून मोजतात. विकास आराखड्यात रस्ता रुंद दाखवला असेल तर त्या रुंद होणाऱ्या हद्दीपासून. प्लॉट राज्यमार्गावर किंवा जिल्हा मार्गावर असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून जिथपर्यंत बांधकामावर बंधन असतं त्या रेषा, वेगळी, आणि ती सामासिक अंतरापेक्षा बरीच जास्त असू शकते. उतरत्या प्लॉटवर ही इमारत रेषा फार मागे गेली तर मी सरळ सांगतो, तो प्लॉट घराला घेऊ नका. तुमचा गावरस्ता आहे, म्हणून बहुधा सुटाल. तरी भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घेऊन रस्त्याकडच्या खुणा जागेवर बघा. गावातला रस्ता दर काही वर्षांनी कुठे ना कुठे सरकतो.

आणि तो वरही चढतो. जोतं रस्त्यापेक्षा ४५ सेंटिमीटर वर का म्हटलं ते आता. आधी खडीचा रस्ता असतो, त्यावर डांबर येतं, पुढे एखाद्या योजनेत सिमेंटचा होतो. प्रत्येक वेळी जुना थर उकरत नाहीत, वरच टाकतात. दोन थरांत वीतभर पातळी वाढते. आज एका पायरीने वर असलेलं घर दहा वर्षांनी रस्त्याच्या खाली गेलेलं विदर्भातल्या कुठल्याही गावात दाखवता येईल. उतारावर खालच्या बाजूच्या घरांना तर दुहेरी मार.

मातीबद्दल थोडं, कारण उंची झेपेल की नाही हे शेवटी तीच सांगते. जिथे मागची भिंत येणार तिथे दोन मीटर खोल खड्डा घ्या. पठारावर वर लालसर माती, खाली मुरूम, मग कच्चा दगड, मग पक्का काळा दगड असा क्रम सापडतो. हा सगळा लाव्ह्याचा थरांवर थर रचलेला बेसाल्ट. दोन थरांच्या मधे कधी कधी वीतभर ते हातभर जाडीचा, विटेसारखा लाल, चिकट थर असतो. तो दिसला की थांबा. वरच्या दगडाच्या भेगांतून मुरलेलं पाणी त्या थरावर येऊन अडतं आणि उताराच्या दिशेने बाहेर पडतं. पावसाळ्यात झरे फुटतात ते याच रेषेत. ओला झाला की तो साबणासारखा होतो. पाया त्याच्यावर ठेवू नका, त्याच्या खालच्या दगडात न्या, आणि तो थर उघडा पाडणारी कापणी करू नका. खड्डा उन्हाळ्यात घेतला असेल तर पावसाळ्यात पुन्हा एकदा उघडून बघा. घाई असेल तरी एक पावसाळा जमीन बघण्यात घालवलेला बरा. माळीण २०१४ ला आणि इर्शाळवाडी २०२३ ला दरडीखाली गेली तेव्हा ‘ते तिकडे सह्याद्रीत’ असं आपल्याकडे बोललं गेलं. आपला उतार तितका उभा नाही आणि पाऊस तितका नाही, हे खरं. पण पायथ्याला कापून, माथ्यावर भरून आणि मधे पाणी सोडून आपण तो हाताने तसा करू शकतो.

सांडपाण्याचं तसंच. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा घराच्या खालच्या बाजूला, संरक्षक भिंतीच्या मागे कधीच नाही. खाली कोणाची विहीर किंवा झरा असेल तर निदान १८ मीटर दूर. मेळघाटात मार्चनंतर गावं त्या झऱ्यांवर जगतात.

प्लॉटवरची सागाची, मोहाची झाडं परवानगीशिवाय तोडू नका, स्वतःच्या जमिनीतली असली तरी कायदा लागतो. खालच्या हद्दीकडची तर परवानगी मिळाली तरी ठेवा, उतार त्यांनीच धरून ठेवला आहे. खोदलेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा तर तहसीलची गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी. रात्री ट्रॅक्टरने हलवू म्हणणारा ठेकेदार असेल तर दंडाची नोटीस तुमच्या नावाने येते, त्याच्या नाही.

तुमच्या समोर, रस्त्याच्या वरच्या बाजूला ज्यांचे प्लॉट आहेत त्यांचं गणित उलटं आहे, आणि ते विचारतील म्हणून लिहितो. त्यांची जमीन रस्त्यापासून वर चढते. ते रस्त्याला अगदी चिकटून बांधतील तर रस्त्यावर भिंतीचा आणि घराचा सगळा भार अंगावर आल्यासारखा होतो, उजेड जातो, आणि कापणीचं पाणी थेट रस्त्यावर येतं. त्यांनी मागे सरकण्यात अर्थ आहे. मात्र मागे गेलं की जमीनही वर जाते, म्हणून सपाटीवर जितका फायदा मिळतो तितका मिळत नाही. त्यांना मी सहा मीटर सांगतो, गाडीची जागा रस्त्याच्या पातळीवर कापून काढायला, आणि घर त्याच्या मागे, एकमजली किंवा फार तर मागच्या पट्ट्यावर दीडमजली. घरामागची कापणी मात्र रस्त्यापासूनच्या अंतराने बदलत नाही, घराच्या खोलीनेच बदलते. तिथेही आडवं, अरुंद घर. कापलेल्या उभ्या मातीपासून मागची भिंत निदान दीड-दोन मीटर सुटी ठेवावी आणि मधे पक्की नाली करावी. स्वयंपाकघराची भिंत दरडीलाच टेकवली तर पावसाळाभर भिंतीला ओल, आणि वरून माती आली तर थेट चुलीवर.

बुलढाण्याच्या घाटाकडून, रामटेकच्या टेकड्यांकडून असेच प्रश्न येतात. तिथे पाऊस कमी, रामटेककडे दगडही वेगळा, पण छेद काढायची रीत हीच.

भावाला समजवायचं तर माझं नाव पुढे करा, चालेल. पण त्याआधी तुमच्या इंजिनिअरकडून दोन छेद काढून घ्या, एक साडेचार मीटरचा आणि एक नऊ मीटरचा, दोन्ही एकाच मापात, एकाच कागदावर, शेजारी शेजारी. त्यात जमिनीची रेघ खुंट्यांवरून मोजलेल्या आकड्यांची हवी, पट्टीने मारलेली सरळ तिरपी रेघ नको. मागच्या भिंतीखाली जमिनीची पातळी आकड्यात लिहिलेली हवी. आणि प्रत्येक छेदाखाली मुरूम किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरायचा, दगडी भिंत किती घनमीटर, हे दोन आकडे लिहायला लावा. आजचा भाव परतवाड्यात तुम्हाला कोणीही सांगेल.